आईच्या पाठीची जखम आणि आमचे पाच महिने

आईला मार्चमध्ये लकवा मारला. रंगपंचमी होऊन दोनच दिवस झाले होते, गल्लीतला रंगसुद्धा अजून धुतला गेला नव्हता. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं पण शाबूत राहिलं, आणि डोकं तर आमच्यापेक्षा जास्त चालतं, कारण आईने इथे इंदूरलाच मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलंय आणि तिच्या मास्तरीणपणाला लकव्याने हात नाही लावला. वय ८१, वजन ४८ किलो, शुगर पंधरा वर्षांपासून. १२ दिवस हॉस्पिटल, त्यातले ५ आयसीयूत, मग लोकमान्य नगरला घरी आणलं आणि आम्हाला वाटलं चला, मोठं संकट टळलं.

घरी आणल्यावर आम्ही काय काय चांगलं केलं ते आधी सांगतो, कारण पाठीची जखम, म्हणजे एका जागी पडून राहून होणारा बेडसोर, त्यातूनच झाली.

भाड्याने तो डोकं वर होणारा पलंग आणला आणि पुढच्या खोलीत खिडकीशी लावला, म्हणजे तिला गल्ली दिसेल. गिळायला त्रास होता म्हणून हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं की भरवताना बसवून भरवा, नाहीतर अन्न फुफ्फुसात जाईल. आम्ही म्हटलं बसवणं चांगलं तर मग दिवसभरच बसवू. भेटायला येणारे पण खूश, "अरे वा, मावशी बसल्या की!" सकाळी पोह्यांपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत आई अर्धवट बसलेली, आणि हळूहळू खाली घसरायची, मग मी नाहीतर अटेंडंट बाई तिला काखेत धरून वर ओढायचो, दिवसातून दहा-पंधरा वेळा तरी. फोमची गादी गरम होते म्हणून वर तिनेच शिवलेली गोधडी, गोधडीवर मेणकापड, त्यावर चादर, आणि डायपर. बाहेर ४२ डिग्री. झोपायच्या आधी कोमट तेलाने पाठ चोळायची, जोर लावून, रक्त फिरावं म्हणून.

अटेंडंट बाई एकदा बोलली होती, "भैया, अम्मा के पीछे काला-काला पड़ रहा है." आम्ही म्हटलं घामाचं असेल, पावडर लावा. तेल पण जरा जास्त चोळलं तिथे.

एप्रिल संपता संपता एक दिवस बाई आली नाही. बायको चादर बदलत होती तर तिला पिवळट ओला डाग दिसला आणि वास आला, शी-शूचा नाही, वेगळाच. मला नेहमीसारखं बाहेर घालवलं होतं. हे पण सांगायला पाहिजे, आईला मुलासमोर अंग उघडं करायला नको वाटायचं, आणि मला पण बघायला नको वाटायचं, आणि सुनेला ती म्हणायची "काही नाही गं, राहू दे, तुला शाळेला उशीर होतोय." असं करत महिनाभर तिची पाठ नीट उजेडात कोणीच बघितली नव्हती. बायकोने आतून हाक मारली ती मी विसरणार नाही.

आईला कुशीवर धरलं होतं. कंबरेखाली गोधडीचे टाके कातडीवर उमटलेले, एकाखाली एक ओळी, शाळेच्या दुरेघी वहीसारख्या. आणि मधोमध, माकडहाडाच्या वर, पिकल्या जांभळाच्या रंगाचा तळहाताएवढा पट्टा, त्यात दोन रुपयाच्या नाण्याएवढं भोक, आत पिवळं चिकट काहीतरी. आईला विचारलं दुखतं का, तर म्हणाली, "डावीकडचं मला कळतच नाही रे."

आई सावळी आहे. पुस्तकात लिहितात की कातडी लाल होते, पण सावळ्या अंगावर ते लाल दिसतच नाही, आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट दिसतं, हाताला गरम लागतं, कडक नाहीतर पिचपिचीत लागतं. बोटाने दाबून सोडलं की चांगली कातडी आधी फिकी होते आणि मग रंग परत येतो. तो डाग दाबून पण तसाच राहिला तर आतलं रक्ताभिसरण बिघडलंय, कातडी फाटलेली नसली तरी. सावळ्या कातडीवर हा बोटाचा खेळ पण फसतो, म्हणून हात लावून बघायचं, दोन्ही बाजूंची तुलना करायची. आम्हाला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी लगेच दवा बाजारला गेलो. चार मलमं, एक अँटिबायोटिक पावडर, आणि हवा भरायची रबरी रिंग. रिंग बघून मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं होतं, जखम मधल्या भोकात अधांतरी राहणार ना! तीन दिवस आईला त्यावर ठेवलं. नंतर कळलं की रिंगच्या कडेने चहूबाजूंनी दाब येतो आणि मधल्या भागाचं रक्त आणखी तुटतं. तीन दिवसांत जांभळा पट्टा वाढला होता.

मग सर्जन घरी आले. मी सगळी मलमं ओळीने मांडून ठेवली होती आणि विचारलं यातलं कोणतं लावू. त्यांनी ट्यूबकडे बघितलं पण नाही. विचारलं, "दिवसातून किती तास या जागेवर वजन असतं?" मला उत्तरच देता येईना. मग त्यांनी माझा हात टेबलावर पालथा ठेवायला लावला, वरून दाबला आणि पुढे ढकलला. तळहाताची कातडी टेबलाला चिकटून राहिली आणि आतली हाडं पुढे सरकली, ते ताणलेलं मला स्पष्ट जाणवलं. म्हणाले आजी घसरतात तेव्हा माकडहाडावर हेच होतं, कातडी चादरीला धरलेली आणि हाड खाली जातं, मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिरगळल्या जातात. वर दाब, घाम-लघवीने भिजून मऊ झालेली कातडी, ओढून वर घेताना घासणं, साखर, कमी खाणं. आणि चोळणं तर सगळ्यात वाईट, दुखावलेल्या रक्तवाहिन्या त्याने आणखी फुटतात. आधी दाब काढा, म्हणाले, मलमाचं मग बघू.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे नेऊन मेलेला भाग कापून काढला. हे कोणाला करायचं असेल तर मन तयार ठेवा: साफ केल्यावर जखम लहान नाही, मोठी दिसते. नाण्याएवढं भोक होतं ते ५ बाय ४ सेंटीमीटर निघालं, दीड सेंटीमीटर खोल. वर भोक छोटं आणि आत पोकळ. मला भिंत धरून खाली बसावं लागलं. तिसरी स्टेज म्हणाले. पहिलीत कातडी अखंड असते पण डाग जात नाही, दुसरीत वरचा थर जातो किंवा फोड येतो, तिसरीत चरबीपर्यंत, चौथीत स्नायू किंवा हाड दिसतं. आणि वर पिवळा नाहीतर काळा थर असेल तर तो काढेपर्यंत स्टेज सांगताच येत नाही. टाचेवरची सुकी घट्ट काळी खपली मात्र उगाच उकरायची नसते, ते डॉक्टरला ठरवू द्यायचं.

त्यांनी एक सिस्टर पाठवली, केरळची, हिंदी मोडकं पण हात असा की आईने पहिल्या दिवशीच "ही पास" म्हणून टाकलं. सिस्टरने एक तक्ता भरला, ब्रेडन स्केल, सहा गोष्टींचे मार्क: जाणीव, ओलावा, हालचाल, जागा बदलता येणं, खाणं आणि घासणं. ६ ते २३ मध्ये मार्क, जितके कमी तितका धोका जास्त, १८ किंवा खाली आले की सावध व्हायचं. आईला ११. आई म्हणाली, "२३ पैकी ११, म्हणजे नापासच." हा तक्ता हॉस्पिटलमधून निघतानाच भरला असता तर आम्ही सावध झालो असतो का? कदाचित. डिस्चार्जच्या कागदावर पाठीबद्दल एक शब्द नव्हता. मी बरेच दिवस त्या हॉस्पिटलवर चिडून होतो, पण मग हिशोब केला की तिथे ती १२ दिवस होती आणि आमच्याकडे त्याच्या दुप्पट.

सिस्टरने शिकवलेलं जसं आठवतं तसं लिहितो. कुशीवर म्हणजे पूर्ण ९० डिग्रीत नाही, तसं केलं की सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं आणि तिथे नवीन जखम होते. पाठीमागे उशी खुपसून जेमतेम ३० डिग्री कलतं करायचं, मग हात घालून बघायचं, माकडहाड गादीला टेकतंय का, हात आरपार गेला पाहिजे. दोन गुडघ्यांमध्ये उशी. पोटऱ्यांखाली लांबलचक उशी म्हणजे टाचा हवेत राहतील, आमच्याकडे डावी टाच पण गरम लागत होती, ती वेळेत सापडली. दर दोन तासांनी बदल, उजवी कूस, डावी कूस, आणि जखम आहे तोवर उताणं नाहीच. डाव्या कुशीवर कमी वेळ कारण तिकडे तिला कळत नाही. वर घेताना ओढायचं नाही, उचलायचं, त्यासाठी आजीच्या जुन्या सुती नऊवारीची चौपदरी घडी आईच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली घातली, दोघांनी दोन बाजूंना धरून एक-दोन-तीन. नऊवारी इतकी मऊ झालेली की विकतचं काहीच तिच्या पासंगाला पुरलं नसतं. गोधडी आणि मेणकापड गेलं. जाताना गोधडीकडे बघून आई काही बोलली नाही, मी पण नाही.

खरी पंचाईत जेवणाची. गिळण्यासाठी बसवायलाच पाहिजे आणि बसवलं की जखमेवर वजन. यावर तोडगा असा निघाला की आधी पलंगाचा गुडघ्यांकडचा भाग वर करायचा आणि मग डोकं, म्हणजे घसरत नाही. जेवण आणि त्यानंतर अर्धा तास, मग खाली, ३० डिग्रीच्या आत. दिवसातून तीनदा, एका वेळी तासाच्या आत. भेटायला येणाऱ्यांना हे कोण समजावणार, "झोपवून का ठेवलंय, बसवा जरा" हे मी पाच महिन्यांत किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही.

एअर मॅट्रेस आणली, बुडबुड्यांची, पंपवाली, अडीच हजाराला. हवा आलटून पालटून भरते. तिच्यावर जाड चादरी घातल्या तर पैसे पाण्यात, एकच पातळ चादर. आणि हवा पुरेशी आहे का बघायला गादीखालून माकडहाडाच्या खाली हात घालायचा, आईचं हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. मॅट्रेस आहे म्हणून वळवणं बंद करायचं नाही हे पण लगेच सांगतो, आम्ही दोन रात्री तसं करून बघितलं आणि सिस्टरची बोलणी खाल्ली. जूनमध्ये एका रात्री आंधी आली, बिजली गेली, आणि पंप बंद पडून गादी चपटी झालेली आम्हाला पहाटे कळली, आई नुसत्या लाकडी फळीवर असल्यासारखी. दुसऱ्याच दिवशी पंपाचं कनेक्शन इन्व्हर्टरवर घेतलं. आधी इन्व्हर्टरवर टीव्ही होता.

रात्रीचे अलार्म १०, १२, २, ४, ६. मी आणि बायको पाळीपाळीने. खोटं कशाला बोलू, चुकायचे. दोनचा अलार्म बंद करून झोपलो आणि साडेचारला दचकून उठलो असं पुष्कळदा झालं. नवरा-बायकोची भांडणं पण भरपूर झाली, कधी कधी आईला मध्ये ठेवून, एक-दोन-तीन म्हणता म्हणता.

दिवसा बाई असायची आणि तिच्यासाठी कपाटावर कागद चिकटवला होता, वळवलं की वेळ लिहून खूण करायची. एक दिवस मी लवकर घरी आलो, चार वाजले होते आणि कागदावर सहापर्यंतच्या खुणा झालेल्या, एकाच पेनने एका दमात. एजन्सीवाल्याला फोन केला तर म्हणे "भिया, सब ऐसे ही करते हैं." मग हे काम आईनेच हातात घेतलं. भिंतीवरचं घड्याळ तिच्या डावीकडे होतं आणि लकव्यानंतर तिला डावीकडचं काही लक्षातच यायचं नाही, ताटातली डावीकडची भाजी पण राहून जायची, तर ते घड्याळ काय दिसणार. काढून उजवीकडे लावलं. त्या दिवसापासून दर दोन तासांनी आईची हाक, "बाई, दोन वाजले. हजेरी खोटी लावायची नाही, मी ३१ वर्षं हजेरी घेतलीये." बाईला मराठी येत नव्हतं पण सूर बरोबर कळायचा.

ड्रेसिंग सुरुवातीला सिस्टर करायची, रोजचे पैसे परवडेनात म्हणून मी शिकलो, कारण बायको पावणेसातला निघते. आईला आधी सांगितलं तर तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "ठीक आहे, पण मी पाढे म्हणणार, तू मध्ये बोलायचं नाही." अर्धा तास आधी पॅरासिटामॉल. सलाइनने धुवायचं, घासायचं नाही, नुसतं वाहू द्यायचं. आधी मी हायड्रोजन पेरॉक्साइड आणून ठेवलं होतं, फेस येतो म्हणून वाटतं जंतू मेले, पण त्याने नवीन पेशी पण मरतात. स्वच्छ लाल जखमेत रोज बेटाडीन ओतणं पण त्याच कारणाने बंद केलं. मग पोकळीत अल्जिनेटची, म्हणजे जखमेतलं पाणी शोषणारी पट्टी सैल भरायची, ठासून नाही, वर फोम ड्रेसिंग. जखम सुकवायची नसते, ओलसर ठेवायची असते, आणि आजूबाजूची कातडी कोरडी. हे आमच्या शेजारच्या काकांना शेवटपर्यंत पटलं नाही, ते बल्बचा शेक द्या म्हणत राहिले.

आई तेराच्या पाढ्यापासून सुरू करायची. पहिल्या आठवड्यात माझं ड्रेसिंग होईपर्यंत एकोणतीसचा येऊन परत तेरावर यायची. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, आणि मधेच श्वास थांबला की मला कळायचं दुखतंय. जुलैपर्यंत माझा हात बसला आणि ती एकोणीसलाच थांबायला लागली, एकदा तर तक्रार पण केली, "अरे माझा तेवीसचा राहिला."

खाण्याचं थोडक्यात. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन २.८ होतं, हिमोग्लोबिन ९, दोन्ही कमी. डॉक्टरांनी किडनीचे रिपोर्ट बघून मग सांगितलं की दिवसाला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन द्या, म्हणजे आईला ६० ते ७२ ग्रॅम. आमचं वरण-भात, दूध, पोहे करून हिशोब ३० च्या वर जाईना. पनीर कुस्करून, घट्ट दही, मुगाचं धिरडं दुधात कालवून, प्रोटीन पावडर. अंड्याला सहा ग्रॅम मिळतात पण आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. आईनेच विषय संपवला, "औषध आहे ना? मग नाव नको सांगूस." खिरीसारखं करून देत होतो, ती न विचारता खायची, आणि कपबशी वेगळी ठेवायला सांगायची.

जुलैत एकदा सगळं उलटं गेलं. प्रोटीन पावडरने असेल किंवा कशानेही, जुलाब लागले आणि ड्रेसिंगच्या खालच्या कडेतून घाण आत गेली. दोन दिवसांनी वास, जखमेची कड लाल-गरम, शुगर ३४०, आणि आई मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारायला लागली. ताप फारसा नव्हता, म्हाताऱ्या माणसात नसतो पण कधी कधी, गोंधळणं हेच लक्षण असतं. त्याच दिवशी डॉक्टरकडे, अँटिबायोटिक, एमआरआय करून इन्फेक्शन हाडात गेलं नाही ना बघितलं. नाही गेलं. तेव्हापासून फोमच्या कडांना फोटोच्या चौकटीसारखी चारी बाजूंनी टेप, आणि डायपर दिवसा बांधायचाच नाही, नुसता खाली पसरायचा, वर झिंकवालं बॅरिअर क्रीम. तर हो, एक क्रीम होतं म्हणायचं, पण ते जखमेसाठी नव्हतं, आजूबाजूच्या कातडीसाठी.

दर शनिवारी फूटपट्टी ठेवून फोनवर फोटो. आत डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल भरत येतं ते चांगलं. ऑगस्टमध्ये ३ बाय २ वर आली आणि अडली. मग गणपती. आईला आरतीला बसायचं होतं. आम्ही तासाचं ठरवलं आणि ती अडीच तास बसली, सगळं गोत जमलेलं, सगळ्यांची नावं विचारत, कोणाला कुठल्या वर्षी शिकवलं ते सांगत. रात्री कड जांभळी. १० दिवस मागे गेलो. सिस्टर रागावली. मी तिला सॉरी म्हटलं पण आतून मला तेवढं वाईट वाटलं नव्हतं, खरं सांगतो.

नवरात्रात जखम मिटली. आता तिथे चकचकीत पातळ कातडी आहे, ती पहिल्यासारखी मजबूत कधीच होत नाही म्हणतात, म्हणून वळवणं, टाचा, हात घालून बघणं सगळं चालूच आहे. रात्री आता चार तासांवर आणलंय, सिस्टरला विचारून.

परवा रामबागेतल्या मावशीचा फोन आला. काकांचं खुब्याचं हाड मोडलंय, दीड महिना पलंगावर आहेत, माकडहाडाजवळ काळसर दिसतंय, "तुम्ही आईला कोणतं मलम लावलं होतं त्याचं नाव पाठव." मी म्हटलं येतोच. गेलो तर काका उशांना टेकून बसलेले, अर्धे खाली घसरलेले, समोर टीव्ही, आणि खाली ती रबरी रिंग. मी बूट काढले, हात धुतले आणि काकांच्या टाचेखाली हात घातला. गरम होती. मग कंबरेखाली घालायला लागलो तर मावशी माझा दंड धरून म्हणाली, "अरे हे काय करतोयस, चिठ्ठीवर नाव लिहून दे ना, मुलगा खाली गाडी चालू ठेवून उभा आहे."